एक अक्षर आणि सहा वर्षे

फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसा यांचे ‘हाऊ टु स्टँड अप टु अ डिक्टेटर’ हे आत्मनिवेदन २०२२ साली प्रसिद्ध झाले. हुकूमशहापुढे उभे कसे ठाकावे, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तक आमच्या टेबलावर बरेच दिवस पडून होते. परंतु पाककृतीच्या पुस्तकाला शोभावे अशा ह्या शीर्षकामुळे ते उघडण्याचा उत्साह आम्हाला वाटला नव्हता. धैर्याची कृती साहित्य आणि प्रमाण देऊन सांगता येत नाही, असे आमचे जुने मत आहे. अखेर एका प्रवासात ते वाचायला घेतले, आणि पहिला भाग संपेपर्यंत आमचा पूर्वग्रह बराचसा गळून पडला. बराचसा म्हणतो, सगळा नव्हे. जो उरला त्याविषयीही पुढे लिहावयाचे आहे.

मनिला हे शहर आम्हा वसईकरांना अगदीच परके नाही. आमचा संत गोन्सालो गार्सिया ह्याच शहरात फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला. तेथूनच १५९३ साली दुभाषा म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्याने प्राण ठेवला. एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत इमानाने पोचविणे हेच त्याचे तेथील नेमून दिलेले काम होते. वार्ताहराचे काम तरी ह्याहून निराळे काय असते?

दुसरी आठवण अधिक जवळची आहे. १९८६च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे आपला भारतदौरा आटोपून परतले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी मनिलाच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. जपमाळा हातात घेतलेल्या व्रतस्थ भगिनी रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्याची छायाचित्रे वर्गातून फिरली होती, ती अद्याप डोळ्यांपुढे आहेत. कार्डिनल हाईमे सिन यांनी लोकांना घराबाहेर येण्याची हाक दिली ती ख्रिस्तसभेच्या ‘रेडिओ व्हेरितास’ ह्या केंद्रावरून. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या माणसांनी त्या केंद्राचे प्रक्षेपण बंद पाडले, तेव्हा जून कीथली नावाच्या निवेदिकेने जेज्वीट धर्मगुरू जेम्स रॉयटर यांच्या साहाय्याने दुसऱ्या एका केंद्रावर आपले बस्तान हलविले आणि रात्रभर जागून लोकांना खबर देत राहिली. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून पळाले. त्याच वर्षी रेडिओ व्हेरितासला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ख्रिस्तसभेच्या हातातील एका साध्या यंत्राने एका सत्तेची दोन दशकांची मिरास मोडण्यास हातभार लावला, असा हा प्रसंग. रेसाबाईंचे पुस्तक वाचताना तो मनात ठेवणे अवश्य आहे. कारण त्यांच्या कथेत यंत्र तेच, पण त्याचे तोंड उलट दिशेला फिरलेले आहे.

मारिया रेसा यांचा जन्म २ ऑक्टोबर १९६३चा. त्यानंतर दोन महिन्यांनी, ४ डिसेंबरला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांविषयीचा आपला आदेशनामा संमत केला, हा केवळ योगायोग आहे. त्यातून काही अर्थ काढू नये, असे आम्ही स्वतःलाच बजावतो. मारिया एक वर्षाची असताना वडील अपघातात गेले. आई अमेरिकेला गेली आणि मुलगी आजीपाशी राहिली. शिक्षण सेंट स्कोलास्टिका ह्या बेनेडिक्टाइन भगिनींच्या शाळेत. १९७३ साली आई परत आली आणि दहा वर्षांच्या ह्या मुलीला बहिणीसह न्यू जर्सीला घेऊन गेली. देशात तेव्हा आदल्याच वर्षी लष्करी कायदा पुकारला गेला होता. सावत्र वडिलांचे आडनाव, परकी भाषा, वर्गातील सर्वांत ठेंगणी मुलगी. एका मैत्रिणीकडील मेजवानीला ती रात्रीचे कपडे घालून जाते आणि पाहते तो बाकी सगळ्या नेहमीच्या कपड्यांत. मैत्रीण पुढे होऊन तिला सावरून घेते. एवढासा प्रसंग, पण लेखिकेने तो जपून ठेवला आहे. आपण पुढे पाऊल टाकले तर कोणीतरी हात देईल आणि आपली पाळी येईल तेव्हा आपणही तो द्यावा, एवढेच तिने त्यातून घेतले. पहिल्या प्रकरणाला तिने ‘सुवर्णनियम’ असे नाव दिले आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील सातवा अध्याय ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना ते नाव कोठून आले हे सांगावयास नको. पुस्तकात भक्तीची भाषा जवळजवळ नाही. परंतु शाळेतील भगिनींनी पेरलेले काहीतरी जमिनीखाली राहिले असावे, असे आम्हाला वाटते. ही आमची व्यावसायिक खोड असेल, तर वाचकांनी ती सोडून द्यावी.

प्रिन्स्टन विद्यापीठात तिने वैद्यकाचा विचार मनात घेऊन प्रवेश घेतला आणि १९८६ साली बाहेर पडली ती इंग्रजी साहित्याची पदवी आणि रंगभूमी-नृत्याची प्रमाणपत्रे घेऊन. त्याच वर्षी एका शिष्यवृत्तीवर ती मनिलाला परतली. क्रांती नुकतीच झालेली, हवेत उमेद भरलेली. सरकारी दूरचित्रवाणीवर थोडे काम करून तिने चेचे लाझारो ह्या ज्येष्ठ पत्रकार स्त्रीबरोबर १९८७ साली ‘प्रोब’ ही वृत्तपट तयार करणारी संस्था उभी केली. लाझारोबाईंविषयीची पाने पुस्तकातील उत्तम पानांपैकी आहेत. गुरूचे ऋण सांगताना आपल्याकडे फुलांचा वर्षाव होतो. येथे मात्र गुरूने कोणती ओळ ओलांडू दिली नाही, कोणाची पाकिटे परत पाठविली, हे सांगितले आहे. फिलिपिन्समध्ये वार्ताहरांना पाकिटातून पैसे देण्याची रूढी जुनी. आपल्याकडील वाचकांना तिची ओळख करून द्यावी लागेल असे नाही.

पुढची सुमारे दोन दशके सीएनएन ह्या अमेरिकन वाहिनीची. प्रथम मनिला, आणि १९९५पासून दहा वर्षे जकार्ता. सुहार्तोंचे पतन, पूर्व तिमोरचा रक्तपात, १२ ऑक्टोबर २००२चा बालीतील बॉम्बस्फोट, ज्यात २०२ माणसे मेली; हे सारे तिने जागेवर जाऊन जगाला दाखविले. ह्या काळातील कथन वेगवान आहे, पण थोडे घाईचेही. एक निरीक्षण मात्र तेथेच तिच्या हाती लागले आणि ते तिला आयुष्यभर पुरले. दहशतवादाचे विष हे पुस्तकांतून वा भाषणांतून तेवढे पसरत नाही, जेवढे मित्राच्या मित्राकडून, मेहुण्याच्या भावाकडून पसरते. माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याच्याच हातून ते घेतो. ह्या विषयावर तिने २००३ साली ‘सीड्स ऑफ टेरर’ हे पुस्तक लिहिले. वाचकांनी हे निरीक्षण लक्षात ठेवावे. पुढे सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

त्यानंतर एबीएस-सीबीएन ह्या देशातील बलाढ्य वाहिनीच्या वृत्तविभागाची प्रमुख म्हणून २०१०पर्यंतची वर्षे. येथे आपल्याला दुसरीच व्यक्ती दिसू लागते. कॅमेऱ्यापुढे एकटी उभी राहणारी स्त्री आता माणसे नेमते, काढते, नियमावल्या लिहिते, आणि अप्रिय होते. २००८च्या जूनमध्ये तिच्या वाहिनीची वार्ताहर आणि दोन सहकारी सुलू बेटावर अबू सय्याफच्या टोळीने पळवून नेले, तेव्हाचे दिवस तिने आवाज न चढविता वर्णिले आहेत. हाताखालच्या माणसाचा जीव टांगणीला लागला असता अधिकारपदावरील माणसाची रात्र कशी जाते, हे ज्याने कधी अनुभवले आहे त्याला ही पाने खरी वाटतील. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर २००९ रोजी, मागिंदानाओ प्रांतात एका निवडणूक-अर्जाच्या मिरवणुकीवर हल्ला होऊन ५८ जण मारले गेले. त्यांतील ३२ जण वृत्तक्षेत्रातले होते. एका दिवसात एवढे वार्ताहर जगात क्वचितच कोठे मारले गेले असतील.

आणि मग ‘रॅप्लर’. चार स्त्रिया: मारिया रेसा, ग्लेन्डा ग्लोरिया, चाय होफिलेन्या आणि बेथ फ्रोन्दोसो. कचेरीतील तरुण मुले त्यांना ‘मनांग’ म्हणत; मनांग म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. चारही ताया पन्नाशीच्या आसपास, प्रत्येकीच्या गाठीला मोठ्या वृत्तसंस्थांचा अनुभव आणि पुरेसा कंटाळा. २०११मध्ये फेसबुकवरील एका पानाने आरंभ झाला आणि १ जानेवारी २०१२ रोजी संकेतस्थळ सुरू झाले. ना छापखाना, ना प्रक्षेपणाचा मनोरा. बोलणे आणि पाण्यावर उठणारे तरंग ह्या दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दांची संधी करून नाव ठेवले होते. बातमी वाचून आपल्याला राग आला की आनंद झाला हे वाचकाने कळवावे, अशी एक सोयही त्यांनी केली होती. भावना मोजल्या की माणसे विचार करू लागतील, अशी त्यांची श्रद्धा. आज ती भाबडी वाटते, आणि रेसाबाईंना स्वतःलाही ती वाटते. ह्या पुस्तकाचे मोठेपण आमच्या मते येथे आहे. आपण फेसबुकच्या आरंभीच्या भालदार-चोपदारांपैकी होतो, आपणच लोकांना त्या दारात नेले, ही कबुली त्या आडवळणाने देत नाहीत. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच बिन लादेन आणि फेसबुक एकत्र आले होते. परंतु तेव्हा दुसरे नाव पहिल्यावरचा उतारा म्हणून आले होते.

२०१६च्या मे महिन्यात रोद्रिगो दुतेर्ते निवडून आले आणि ३० जूनला त्यांनी अधिकारपद ग्रहण केले. अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेत पोलिसांच्या हातून मेलेल्यांचा सरकारी आकडाच ६०००च्या वर आहे. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था तो ३०,०००पर्यंत नेतात. रॅप्लरच्या वार्ताहरांनी रात्रपाळ्या करून ती प्रेते मोजली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी एक लेखमाला छापली: केवळ २६ बनावट खात्यांच्या द्वारे ३० लाखांपर्यंत खोटा मजकूर कसा पोचविला जातो, ह्याचा तो नकाशा होता. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, रेसाबाईंनी ही माहिती फेसबुकच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवली होती. काही घडले नाही. लेखमाला प्रसिद्ध झाल्यावर मात्र घडले ते असे, की त्यांच्या नावाने तासाला सरासरी ९० शिव्याशाप येऊ लागले. त्यांच्या त्वचेवर एक व्याधी आहे, तिच्यावरूनही. पुढे मार्क झकरबर्ग यांची भेट झाली असता रेसाबाईंनी त्यांना सांगितले, की आमच्या देशात इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी ९७ टक्के लोक तुमच्या दारात आहेत. तर त्यांनी उरलेल्या ३ टक्क्यांची चौकशी केली. हा किस्सा रेसाबाई हसत सांगतात. आम्हाला हसू आले नाही.

शीर्षकातील अक्षराची गोष्ट आता सांगायला हवी. २०१२च्या मे महिन्यात रॅप्लरने एका न्यायमूर्तींच्या वापरातील मोटारीविषयी बातमी दिली. तिच्यात एका व्यापाऱ्याचा उल्लेख होता. संगणकीय बदनामीला गुन्हा ठरविणारा कायदा त्यानंतर, सप्टेंबरात झाला. कायदा मागे जाऊन लागू होत नाही, हे प्राथमिक तत्त्व. परंतु २०१४च्या फेब्रुवारीत कोणीतरी त्या बातमीतील एका इंग्रजी शब्दातले चुकलेले एक अक्षर दुरुस्त केले. ही दुरुस्ती म्हणजे पुनःप्रकाशन, असे सरकारी पक्षाचे म्हणणे पडले. बदनामीच्या जुन्या कायद्यात तक्रारीची मुदत एका वर्षाची. येथे ती बारा वर्षांची धरण्यात आली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी रेसाबाईंना कचेरीतून अटक झाली आणि रात्र कोठडीत गेली. १५ जून २०२० रोजी शिक्षा सुनावली गेली: कमाल सहा वर्षे. त्या बातमीच्या त्या लेखिकाही नव्हत्या. ती लिहिणारे रेनाल्डो सांतोस यांनाही तीच शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने २०२२च्या जुलैत ती कायम केली आणि कमाल मुदत आणखी काही महिन्यांनी वाढविली. जामीन असल्यामुळे त्या बाहेर राहिल्या. परंतु ८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिमित्री मुरातोव्ह यांच्यासमवेत शांततेचे नोबेल जाहीर झाल्यावर ते घेण्यासाठी ओस्लोला जाण्याचीही त्यांना न्यायालयाकडे परवानगी मागावी लागली. फिलिपिन्सच्या वाट्याला आलेले ते पहिले नोबेल.

आमच्यासारख्या धर्मगुरूंना गुरुविद्यालयात संत ऑगस्टिनचा असत्याविषयीचा ग्रंथ शिकविला जातो. त्यात असत्याचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि असत्य ठरण्यासाठी फसविण्याचा हेतू आवश्यक मानला आहे. ह्या कसोटीवर, खोटा निरोप खरा मानून पुढे पाठविणारा मनुष्य असत्य बोलला असे होत नाही. आम्ही अनेक वर्षे ह्या सोयीच्या ओसरीवर निवांत बसलो होतो. पण कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेच्या विवेचनात आणखी एक दोष सांगतो: पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा मानला, तरी तो अविचारी न्यायनिवाड्याचा दोष होय. आणि पुढे येणारे एक कलम अधिक अवघड आहे. ज्याच्या नावाला आपण धक्का लावला त्याची भरपाई करण्याचे बंधन आपल्यावर राहते. क्षमा मिळाली तरी ते राहते.

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या मोबाइलवर एक निरोप आला, की आमच्याच धर्मग्रामातील अमुक एका दूध घालणाऱ्या गृहस्थाला लागण झाली असून तो ती लपवीत आहे. पाठविणारे गृहस्थ विश्वासाचे. आम्ही तो काळजीपोटी पाच गटांवर पाठविला. बातमी खोटी होती. तीन आठवडे त्या माणसाचे दूध कोणी घेतले नाही. चर्चचे दरवाजे बंद होते, तेव्हा वेदीवरून चूक कबूल करण्याची सोयही नव्हती. आम्ही त्याच्या अंगणात जाऊन, तोंडाला फडके बांधून, त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली, वर चहाही विचारला. परंतु पाठविलेला निरोप परत बोलाविता आला नाही, आणि दुधाचे पैसे द्यावे तर ते तो घेईना. मित्राच्या मित्राकडून विष कसे पसरते, हे रेसाबाईंच्या पुस्तकात वाचताना आम्हाला मनिलाच्या आधी ते अंगण आठवले. धर्मगुरूने पाठविले म्हणूनच लोकांनी ते मानले होते.

ह्या अनुभवातूनच आमचा पुस्तकावरील मुख्य आक्षेप निघतो. रेसाबाई सारा दोष यंत्राच्या गणितावर ठेवतात. माणसाला जे संतापवते ते त्याच्यापुढे अधिक आणावे, म्हणजे तो अधिक वेळ खिळून राहील, असे ते गणित; आणि त्यामागे पैसा. हे खरेच आहे, आणि त्यांनी ते कोणाही पंडितापेक्षा आधी ओळखले. ह्या गणिताला त्या अणुबॉम्बची उपमा देतात. पण अणुबॉम्ब ज्याच्यावर पडतो तो निरपराध असतो. आमच्या पाच गटांवरील माणसांना आणि आम्हाला ती उपमा फारच सौम्यपणे सोडून देते. दुतेर्ते यांना कोट्यवधींनी मते दिली, ती सगळीच काही बनावट खात्यांनी दिली नाहीत. वर्षानुवर्षे न निकालात निघणारे खटले, गल्लीतील गुंड, एका क्रांतीनंतर तीन दशकांतही न बदललेली गरिबी, ह्यांना कंटाळलेली माणसे होती ती. त्यांच्यात दर ९ जानेवारीला मनिलाच्या कियापो चर्चमधील कृष्णवर्णी नाझरेनाच्या मिरवणुकीत अनवाणी चालणारीही असणार. पवित्र मिस्सेला जाणारा मनुष्य शेजारच्या व्यसनी पोराच्या मरणाने सुटकेचा निःश्वास का टाकतो? हा प्रश्न पुस्तकात नीट विचारलेलाच नाही. २०२२ साली मार्कोस यांच्याच मुलाला तीन कोटींहून अधिक मते पडली, तेव्हा तरी तो विचारायला हवा होता. आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर तो प्रश्न पत्रकारांपेक्षा आम्हा धर्मगुरूंना विचारायला हवा. फिलिपिन्सची ख्रिस्तसभा आरंभी चाचरली. नंतर कालोकानचे महागुरू पाब्लो विर्जिलिओ दावीद यांच्यासारख्यांनी मृतांच्या घरी जाणे आरंभिले आणि त्याबद्दल २०१९मध्ये राजद्रोहाचा आरोप अंगावर घेतला; तो पुढे टिकला नाही. त्यांच्याच धर्मप्रांतात २०१७च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पोलिसांनी गल्लीत नेऊन ठार केले होते. २०२४ साली दावीद कार्डिनल झाले.

दुसरा आक्षेप शैलीचा आहे. प्रत्येक प्रकरणाच्या नावाखाली वाचकाला एक उपदेश जोडलेला: भीतीला कवटाळा, संघ बांधा, सहकार्य करा, असे. व्यवस्थापनाच्या शिबिरांत भिंतीवर लावतात तसले हे फलक. आत माणूस बोलत असतो आणि दारावर पाटी वेगळीच लटकते. आम्ही रविवारचे प्रवचन करणारी माणसे. उपदेशाला आमची हरकत असण्याचे कारण नाही. पण गोष्ट चांगली असेल तेव्हा बोध आधी सांगू नये, हे आम्ही येशूच्या दाखल्यांवरून शिकलो. तिसरी एक हळहळ. ज्या जून कीथलीने १९८६च्या त्या रात्री एका अंधाऱ्या स्टुडिओतून देश जागा ठेवला, तिला ह्या परंपरेची आद्य ताई म्हणून अधिक जागा मिळावी, असे आम्हाला राहून राहून वाटले. रेसाबाई त्या दिवसांत मनिलात नव्हत्या, हे त्याचे कारण असेल.

ज्या बाजूकडे समीक्षकांचे सहसा लक्ष जात नाही ती पैशाची बाजू मात्र आम्हाला फार मोलाची वाटली. धाडसी पत्रकार पुष्कळ होतात. पगाराच्या तारखेला पगार देणारे धाडसी पत्रकार थोडे. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेप्रमाणे वृत्तमाध्यमे संपूर्णपणे देशी मालकीची असावी लागतात. रॅप्लरने एका अमेरिकन संस्थेकडून, मालकीचा वा कारभाराचा हक्क न देणाऱ्या ठेवपावत्यांच्या रूपाने, भांडवल घेतले. त्या करारातील एका कलमाने परकीयांना नियंत्रण मिळते असे ठरवून सरकारी आयोगाने २०१८च्या जानेवारीत परवाना रद्द केला. त्या संस्थेने मग आपल्या पावत्या रॅप्लरच्या १४ देशी व्यवस्थापकांना देऊन टाकल्या. करचुकवेगिरीचे पाच आरोप ठेवले गेले. चारांतून २०२३च्या जानेवारीत आणि पाचव्यातून सप्टेंबरात निर्दोष सुटका झाली. परवान्याचा निर्णयही अपील न्यायालयाने २०२४च्या जुलैत फिरविला. सहा वर्षे रोज सकाळी संस्था बंद होणार ह्या तयारीने ती चालविणे म्हणजे काय, हे कोणत्याही शाळेच्या, पतपेढीच्या वा मासिकाच्या चालकाने वाचावे. तत्त्वासाठी मरण्याची भाषा करणे सोपे. जाहिरातदार एकेक करून निघून जात असता कचेरीतील माणसांच्या चुली पेटत्या ठेवणे अवघड. तरीही एक शंका आम्ही नोंदवितो. जेथे कायदा इतका काटेकोर आहे आणि शत्रू इतका टपलेला आहे, तेथे परदेशी पैसा कितीही निर्मळ असला तरी घ्यावा काय? रेसाबाई ह्या प्रश्नाशी थांबतात, पण फार वेळ नाही. आपल्याकडील चर्चच्या संस्थांनाही हा प्रश्न नवा नाही.

त्यांच्याकडे अमेरिकेचेही नागरिकत्व आहे. कोणत्याही दिवशी त्या निघून जाऊ शकल्या असत्या. दर वेळी विमानतळावर उतरल्यावर अटक होईल हे ठाऊक असून त्या परत येत राहिल्या. २९ मार्च २०१९ रोजी तर विमानतळावरच पकडल्या गेल्या. ह्याचे मोठे भांडवल त्या करीत नाहीत. दुतेर्ते यांना ११ मार्च २०२५ रोजी मनिलातच अटक होऊन द हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेण्यात आले. पुस्तक त्याच्या आधीचे, म्हणून त्यात विजयाचा सूर नाही. आमच्या मते ते पुस्तकाच्या पथ्यावरच पडले आहे.

२०२५च्या जानेवारीत, ज्युबिली वर्षानिमित्त, जगभरच्या वृत्तव्यावसायिकांचा मेळावा रोममध्ये भरला. पोप सहावे पॉल सभागृहात रेसाबाई बोलल्या. नंतर आलेल्या पोप फ्रान्सिस यांनी हातातील लिखित भाषण वाचून न दाखविता ते वाटायला दिले आणि श्रोत्यांत मिसळले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २१ एप्रिलला, ते गेले. ख्रिस्तसभेने त्या व्यासपीठावर एका न्यायालयाने दोषी ठरविलेल्या स्त्रीला बोलावले, ह्याची नोंद आपल्या नियतकालिकांतून व्हायला हवी होती. आमच्या पाहण्यात ती आली नाही.

हे पुस्तक आम्ही आमच्या युवा मंडळातील दोघींना वाचायला दिले आहे. त्यांतल्या एकीला बारावीनंतर वृत्तवाहिनीत जायचे आहे. गेल्या रविवारी मिस्सेनंतर तिची आई आम्हाला गाठून म्हणाली, “फादर, ते शूरपणाचं सगळं ठीक आहे, पण ह्यात महिन्याचं भागतं का?” आम्ही तिला ठेवपावत्यांची पाने आधी वाचायला सांगितली आहेत.